आतल्या पाण्यातल्या अकरा गाठी

धक्क्यावर तिला सगळे पाणकोंबडी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागे म्हणायचे, आणि होडीत बसायला आलेल्या पाहुण्यांना ओळख करून देतानाही बिनदिक्कत म्हणायचे, "या पाणकोंबडीच्या होडीत बसा साहेब, निम्मे पक्षी हिचे नातेवाईक आहेत." तिला त्याचा राग नव्हता. पाणकोंबडीत वाईट काय आहे? पाय मजबूत, आवाज खणखणीत, दिवसभर चिखलात वावरते पण पिसाला डाग लागू देत नाही. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला पक्ष्यांतलं थोडंफार कळत होतं, एवढंच ती म्हणायची.

नाव पडलं त्याला सत्तावीस वर्षं झाली. होडी काठावर ओढताना नवऱ्याची कंबर धरली ती धरलीच. डॉक्टरनं सांगून टाकलं की याच्या हातात आता बांबू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीच्या मागच्या टोकावर ही उभी. बांबू रेटला की तिची मान पुढे जायची, काढला की मागे यायची. धक्क्यावरचे होडीवाले पोट धरून हसले आणि नाव चिकटलं. मान हलायची सवय वर्षभरात गेली. नाव काही गेलं नाही.

खरं तर पाण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. विहिरीत वाकून बघितलं तरी तळ आणि बेडूकच दिसावा अशा कोरड्या गावात ती वाढली. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला होडीत बसवून तलाव दाखवायला नेलं. ती तळाशी मांडी घालून बसली, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरल्या, डोळे गच्च मिटले आणि धक्का सुटल्यापासून जी ओरडायला लागली ती थांबेना. "डोळे मिटलेस ते ठीक," सासरे म्हणाले, "आता तोंडही मीट. माझे सगळे पक्षी उडाले."

त्याच सासऱ्यांनी नंतर तिला बांबू शिकवला. बांबू ढकलायचा नाही, सोडायचा. तो आपल्या वजनानं तळापर्यंत जाऊ द्यायचा, तळ लागला की अंगाचं वजन त्यावर टाकायचं आणि काढताना थेंबाचाही आवाज होऊ द्यायचा नाही. पक्षी दिसला तर हात लांब करून दाखवायचा नाही, होडीचं नाक तिकडे वळवायचं, माणसं आपोआप तिकडे बघतात. आणि शिकवल्या त्या गाठी.

गाठी म्हणजे असं. तलावाचा पुढचा भाग मोकळा, खोल. तिथे मोटारीच्या लाँची फिरतात, एका वेळी चाळीस माणसं, वर भोंगा. पण पाणकणसांच्या दाट पट्ट्यामागे एक अरुंद वाट आत जाते. दोन होड्या समोरासमोर आल्या तर एकीनं अंग चोरावं एवढीच रुंद. तिच्या पलीकडे आतलं पाणी. उथळ, कमळांच्या पानांनी झाकलेलं, आणि पक्ष्यांची सगळी घरटी तिथेच. तिथे मोटार चालत नाही, पंख्याला वेली गुंडाळतात. फक्त बांबूच्या पाच होड्या जातात. घरटं दिसलं की होडीवाला लांबूनच थांबतो, जवळचे पाणकणसाचे तीन दांडे एकत्र घेतो आणि पाण्यापासून हातभर उंचीवर त्यांची गाठ मारतो. गाठ दिसली की दुसऱ्यानं तिच्यापासून तीन होड्यांचं अंतर सोडून वळायचं. कुठे लिहिलेलं नाही, कुणाची सही नाही. पण पाचांतला एकही मोडत नव्हता.

आणि याच गाठींवर यंदा सगळं येऊन अडलं होतं.

वरच्या कचेरीतून पत्र आलं होतं की आतल्या पाण्यात होड्यांमुळे घरटी मोडतात, सबब ते कायमचं बंद करण्याचा विचार आहे. त्यावर बैठक झाली. बाकीचे चार होडीवाले टोप्या हातात धरून बसले. पाणकोंबडी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, बंद करायचं कारणच नाही. आमच्या गाठी आहेत. गाठ असेल तिथे घरटं मोडत नाही. खोटं वाटत असेल तर माणूस पाठवा, मी फिरवून आणते."

साहेबांनी माणूस पाठवला. एक दिवस, एक सकाळ. त्या पाहणीनंतर आतलं पाणी राहणार की जाणार ते ठरायचं होतं. आणि आतलं पाणी गेलं की बांबूच्या पाच होड्या धक्क्यावर पालथ्या पडणार, यात कुणालाच शंका नव्हती. लाँचीवर बांबूवालीला काय काम?

त्या सकाळी नवरा धक्क्यावर कुणाच्या तरी होडीच्या बुडाला डांबर लावत बसला होता. कंबर वाकडी झाली तरी होड्यांची डागडुजी त्याच्याइतकी कुणाला येत नसे. तो मान वर न करता म्हणाला, "आज जरा कमी बोल."

"मी कधी जास्त बोलते?"

त्यानं ब्रश डब्यात ठेवला, वर आभाळाकडे बघितलं आणि परत ब्रश उचलला.

तेवढ्यात आतल्या वाटेनं एक होडी सरसर बाहेर आली. ही होडी वादळाची. वादळ म्हणजे नवऱ्याचा जुना दोस्त, चाळिशी उलटली तरी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढणारा माणूस. पहाटे धुक्यातच दोन फोटोवाल्यांना घेऊन गेला होता आणि इतरांची होडी सुटायच्या आत परतला होता.

"वहिनी, आत एकदम झकास आहे," तो उडी मारून उतरला. "पाणमांजरं आहेत, चार. मोठी मगर तिच्या जागेवर आहे. तुमच्या त्या मॅडमला सगळं दाखवा आणि कागद फाडायलाच लावा."

"तू गाठी बघून गेलास ना?"

"ऐकलं का!" वादळ नवऱ्याला म्हणाला. "वीस वर्षं झाली, अजून विचारते. डोळे मिटून बांबू मारतो मी, असं वाटतं हिला."

पाहणीच्या मॅडम बरोबर सात वाजता आल्या. पस्तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट. गळ्यात दुर्बीण आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. नमस्कार झाला, पाणी बाटलीत आहे म्हणाल्या, चहा नको म्हणाल्या, आणि तरंगजाकीट स्वतःच चढवून होडीत मधोमध बसल्या. कुठे बसायचं ते विचारावं लागलं नाही यावरूनच पाणकोंबडीनं ओळखलं की बाई पाण्यातली आहे, कागदावरची नाही. तिला बरं वाटलं. आंधळ्याला रंग दाखवण्यापेक्षा डोळसाला दाखवावा.

वाट संपली आणि आतलं पाणी उघडलं तेव्हा धुकं नुकतंच विरत होतं. कमळाच्या पानांवर दव तसंच होतं. एका वाळक्या खोडावर तिरंदाज पक्षी पंख पसरून बसला होता, धुतलेला सदरा वाळत घालावा तसा. पाणकोंबडीनं होडीचं नाक हळूच तिकडे वळवलं. मॅडमनी बघितलं आणि लिहिलं. पुढे अडई बदकांचा थवा शीळ घालत उठला. लिहिलं. पाणमांजरं खरोखरच होती. त्यातलं एक मासा दोन्ही पंजांत धरून मक्याच्या कणसासारखा खात होतं, आणि खाता खाता होडीकडे असं बघत होतं की मागायला आलात की काय. मॅडमनी लिहिलं.

ही काही बोलत नाही, पाणकोंबडीनं मनात म्हटलं. ठीक आहे. मग आपणच बोलू.

"तो बघा कमळपक्षी. लांब शेपटीचा, मानेवर सोनेरी पट्टा. पानावरून चालतो, पान बुडत नाही. यांच्यात काय आहे मॅडम, बाई अंडी घालते आणि निघून जाते. दुसरा नवरा करते. त्याच्याकडे अंडी घालते, तिसरा करते. अंड्यांवर बसायचं, पिल्लं सांभाळायची, सगळं बापानं. मी हे सांगते तेव्हा होडीतल्या बायका इतक्या हसतात की होडी हलते. आणि त्यांचे नवरे तेवढ्यात दुर्बीण साफ करायला लागतात."

मॅडम हसल्या नाहीत. पण पेन्सिल थांबली होती.

"गाठी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ही एक." नाक वळलं. तीन दांडे, हातभर उंचीवर गाठ, आणि तिच्यामागे थोडं आत, पानांच्या खळग्यात पाणकोंबडीचं घरटं. खरी पाणकोंबडी बसली होती, लाल कपाळ तेवढं दिसत होतं. "ही दुसरी. जांभळा बगळा. आता तिसरी काल मीच बांधली. कमळपक्ष्याचा नवरा बसलाय, चार अंडी. परवा घातली असतील."

होडी वळणावरून पुढे सरकली आणि तिच्या हातातला बांबू अर्ध्यावर थांबला.

कमळाच्या पानांमधून एक सरळ पट्टा गेला होता. पानं दुमडलेली, काही फाटून उलटी पडलेली, त्यांची तांबूस पाठ वर. होडी गेल्याशिवाय असा पट्टा पडत नाही. आणि पट्ट्याच्या कडेला घरटं. घरटं कसलं, चार काड्या आणि सडकं गवत, पण कालपर्यंत ते पानावर होतं. आता निम्मं पाण्यात गेलं होतं. तपकिरी, चकचकीत तीन अंडी घरट्याच्या काठाला लागली होती. चौथं फुटून बाजूला तरंगत होतं.

मॅडमनी दुर्बीण लावली, काढली. "आज सकाळी आत कोण आलं होतं?"

पाणकोंबडीची नजर पाण्यावर होती. ती गाठ शोधत होती. काल तिनं गाठ घरट्याच्या डाव्या अंगाला बांधली होती. डावीकडे नुसतं पाणी. मग नजर फिरत फिरत उजवीकडे गेली. लांब, चाळीस हातांवर, पाणकणसांचा एक पुंजका उभा होता आणि त्यात तिची गाठ. ती गाठ, तो पुंजका, त्याखालचं गवत, सगळं मिळून वाऱ्यावर हलकेच मान डोलावत होतं.

गाठ जागेवरून निघाली होती.

हे पाणी नीट माहीत नसलेल्या माणसाला कळणार नाही. इथे पाणकणसं दोन प्रकारची. काहींची मुळं तळात रुजलेली असतात. काहींची मुळं एकमेकांत गुंतून वरच्या वर गादी तयार होते, तिच्यावर माती साचते, गवत उगवतं, बगळा येऊन उभा राहतो. बघणाऱ्याला वाटावं जमीनच. पण खाली पाणी असतं, आणि रात्री वारा फिरला की ते आख्खं बेट निघतं. म्हणून गाठ मारण्याआधी दांडा ओढून बघायचा. रुजलेला असला तर आपली होडी त्याच्याकडे ओढली जाते. तरंगता असला तर बेट आपल्याकडे येतं. सासऱ्यांनी तिला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि तिनं वादळाला शिकवलं होतं, आणि बाकीच्या तिघांना शिकवलं होतं. न ओढता बांधलीस तर हात मोडीन, असं म्हणून शिकवलं होतं.

काल तिच्या होडीत सहा पाहुणे होते. मागे बसलेल्या बाईला उन्हाचा त्रास होत होता, चला ना, चला ना चाललं होतं. तिनं दांडे धरले, गाठ मारली आणि वळली. ओढलं नाही. सत्तावीस वर्षांत एकदा.

आणि आज पहाटे धुक्यात वादळाला गाठ दिसली. उजवीकडे दिसली म्हणून तो शिस्तीत तीन होड्या सोडून डावीकडे वळला, आणि थेट घरट्यावरून गेला. गाठ पाळली म्हणूनच घरटं मोडलं.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "मी विचारलं, कोण आलं होतं? धक्क्यावर एकच ओली होडी होती, ती मी बघितली आहे. कुणी एक जण बेफिकीर असेल तर त्याचा परवाना काढता येतो. त्यासाठी सगळ्यांचं पाणी बंद करायची गरज नाही."

म्हणजे दार उघडंच होतं. वादळाचं नाव घ्यायचं, बस्स. त्याची घाई सगळ्या धक्क्याला माहीत, कुणाला नवल वाटलं नसतं. एक होडी पालथी पडली असती आणि चार वाचल्या असत्या. खरं सांगायचं तर मात्र उलटं होतं. खरं सांगितलं म्हणजे माणूस नाही चुकला, गाठच चुकली. आणि गाठीच्या भरवशावर तर तिनं बैठकीत छाती ठोकून सांगितलं होतं.

तिनं बांबू चिखलात रोवला, होडी थांबवली.

"आला होता तो नियमानंच गेला, मॅडम. ती तिकडे गाठ दिसते ना? ती काल इथे होती. मी बांधली. तरंगत्यावर बांधली, ओढून बघितलं नाही. रात्री वाऱ्यानं ती तिकडे गेली. त्यानं गाठ बघून होडी वळवली म्हणून हे झालं. चूक माझी आहे."

मॅडमनी वही मांडीवर घेतली. "मग गाठ भरवशाची नाही."

"गाठ भरवशाची आहे. बांधणारी काल भरवशाची नव्हती."

"तो फरक मी कागदावर कसा लिहू?"

"लिहू नका. ओढून बघा." पाणकोंबडीचा आवाज आता पुन्हा तिच्या नेहमीच्या पट्टीत आला होता. "आतल्या पाण्यात आज अकरा गाठी आहेत. ही एक गेली. राहिल्या दहा. सगळ्या स्वतःच्या हातानं ओढा. एक जरी हलली तर बंद करा पाणी, मी परत बैठकीला यायची नाही."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की दहातल्या तिच्या स्वतःच्या फक्त चार आहेत. पण शब्द गेला होता, आणि परत घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

"थांबा," मॅडम अचानक कुजबुजल्या.

बाप परत आला होता. लांब शेपटी पाण्यावरून खेचत तो मोडक्या घरट्यापाशी आला, मान तिरकी करून तीन अंडी बघितली. मग पुढचं पान पायानं चाचपलं, त्याच्या पुढचंही चाचपलं. परत आला. एक अंडं चोचीनं छातीशी दाबून धरलं आणि उलट्या पावलांनी मागे मागे सरकत, ठेचकाळत, ते पानावर ओढत न्यायला लागला. एकदा सुटलं. पुन्हा धरलं. नव्या पानावर ठेवलं, चार काड्या भोवती टाकल्या आणि दुसऱ्यासाठी निघाला.

पाऊण तास दोघी हलल्या नाहीत. पाणकोंबडीच्या पायाला मुंग्या आल्या. तिसरं अंडं पोचलं आणि तो पिसं फुगवून त्यांच्यावर बसला, तेव्हा मॅडमनी दुर्बीण खाली घेतली. डोळ्यांभोवती दोन गोल उमटले होते.

"मी हे पुस्तकात वाचलं होतं फक्त," त्या म्हणाल्या.

"मी तिसऱ्यांदा बघते. पण आज त्याला माझ्यामुळे करावं लागलं, म्हणून मजा नाही आली."

आधी तिनं भटकी गाठ सोडली. मग त्या बापाच्या नव्या जागेपासून पुरेसं लांब जाऊन एक दांडा धरून ओढला. होडी सरकून त्याच्याकडे गेली. दुसरे दोन ओढले. तेही पक्के. गाठ मारली. "ही अकरावी. ही धरू नका, आत्ताची आहे. चला, दहा बघू."

ऊन वर आलं. पहिली गाठ मॅडमनी बसल्या बसल्या ओढली, होडी दांड्याकडे गेली. दुसरी तशीच. तिसरीला त्यांनी दोन्ही हात लावले. चौथी, पाचवी. पाचवीजवळ मोठी मगर काठावर पडली होती, तोंड उघडं ठेवून. मॅडमनी तिच्याकडे एकदा बघितलं, गाठीपर्यंतचं अंतर बघितलं आणि हात लांब केला. बाई वाघीण आहे, पाणकोंबडीनं नोंद घेतली.

गाठीवरून माणूस ओळखू येतो. कुणी दांड्याचा शेंडा डावीकडे सोडतो, कुणी दोन वेढे घेतो. सहावी म्हाताऱ्या होडीवाल्याची, जरा सैल पण रुजलेली. सातवी, आठवी तिच्याच. आणि नववी लांबूनच दिसली तेव्हा तिचा बांबू आपोआप हळू झाला. एकच वेढा, शेंडे तसेच उभे, घाईघाईत मारलेली. ही वादळाची. जो माणूस सदऱ्याची बटणं एकसारखी लावत नाही, तो दांडा ओढून बघत असेल? धुक्यात, बरोबर फोटोवाले, पुढच्या फेरीची घाई. तिनं त्याला हात मोडायची धमकी दिली होती, हे खरं. पण काल तिनं स्वतः काय केलं होतं?

"ही कुणाची?" मॅडमनी विचारलं. त्यांनाही होडीचा वेग कळला असावा.

"आज सकाळी जो आत आला होता त्याची."

मॅडम उभ्या राहिल्या. दोन पाय फाकवून, बूट होडीच्या कडांना टेकवून त्यांनी तिन्ही दांडे एकदम धरले आणि सगळ्या जोरानं मागे खेचले. दांडे तसूभर हलले नाहीत. होडी मात्र अशी झर्रकन पुढे गेली की मॅडम पाणकणसांत तोंडावर आपटल्या असत्या, पाणकोंबडीनं मागून जाकिटाचा पट्टा पकडला म्हणून वाचल्या. टोपी पाण्यात पडली.

"पक्की आहे," मॅडम दम खात म्हणाल्या. चेहऱ्याला कणसाचा भुसा लागला होता.

"आहे," पाणकोंबडी म्हणाली. तिला हसू आवरेना, आणि आवरायचं कारणही नव्हतं. बांबूच्या टोकानं तिनं टोपी उचलून दिली. "त्यानं नुसती ओढून नाही बघितली, तळातला सगळ्यात जाड बुंधा शोधलाय. मेला कधी बोलला नाही."

दहावी ओढेपर्यंत साडेअकरा झाले. तीही पक्की.

परतीच्या वाटेत मॅडमनी वही उघडली आणि पेन्सिल तिच्यात आडवी ठेवली. मग म्हणाल्या, "कायमचं बंद करा, असं मी लिहिणार नाही. पण त्या कमळपक्ष्याचं कोपऱ्यातलं पाणी पिल्लं पोहायला लागेपर्यंत बंद. आणि रोज सकाळी पाहुण्यांची पहिली होडी जायच्या आधी एक होडी मोकळी जाईल, आणि प्रत्येक गाठ ओढून बघेल. एकट्यानं नाही. दोघांनी. एकाचं चुकलं तर दुसऱ्यानं बघायला हवं."

"दोघांनी," पाणकोंबडी म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या होडीत दुसरा होडीवाला कधी बसला नव्हता. तिनं दोन रेटे मारले, तिसऱ्याला म्हणाली, "होईल. उद्यापासून."

धक्क्यावर पाचही होड्यांची माणसं जमली होती. नवरा डांबराचा हात तसाच धरून उभा होता. मॅडम उतरल्या, टोपी पिळली, "आतलं पाणी चालू राहील, बाकी या सांगतील," म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या. मागे आरडाओरडा सुरू झाला. कुणी पाणकोंबडीच्या पाठीवर थाप मारली. तिनं हात वर केला.

"आधी ऐका. सकाळी वादळाच्या होडीखाली कमळपक्ष्याचं घरटं गेलं. एक अंडं फुटलं. गाठ मी तरंगत्यावर बांधली होती म्हणून. त्यानं नियम पाळला आणि माझ्यामुळे फसला. मॅडमना मी हेच सांगितलंय, आणि आता तुम्हालाही सांगते."

वादळाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "माझ्या होडीखाली?" तो म्हणाला. "मला कळलंसुद्धा नाही." मग एकदम भडकला. "आणि मला रोज विचारता! गाठी बघितल्यास का, गाठी बघितल्यास का! लहान पोरासारखं!"

"बोल. आज तुझा दिवस आहे."

वादळ दोन पावलं पुढे आला. पण एवढ्या सहज मिळालेल्या मोकळिकीनं त्याचा राग निम्मा झाला.

"तुझी ती मगरीच्या पलीकडची गाठ," पाणकोंबडी म्हणाली, "मॅडमनी सगळा जोर लावून ओढली. त्या पाण्यात पडता पडता राहिल्या. दांडा नाही हलला. ती हलली असती तर पाणी गेलं होतं."

वादळानं नवऱ्याकडे बघितलं, मग आपल्या होडीच्या दोराकडे. दोर नीट बांधलेला होता. त्यानं तो सोडला आणि परत बांधला.

"मग काय," तो खाली बघत म्हणाला. "हात मोडीन म्हणाला होतात."

नवरा हसला तशी त्याच्या कंबरेत कळ आली आणि तो हसता हसता कण्हला. पाणकोंबडी होडीतलं पाणी डब्यानं उपसायला लागली.

"उद्यापासून रोज पहाटे गाठी ओढायला दोघांनी जायचंय," ती म्हणाली. "एक मी. दुसरा तू."

"तुमच्या होडीत?"

"माझ्या होडीत."

"बांबू कोण धरणार?"

"मी."

"आणि मी काय करू, पक्षी मोजत बसू?"

"तू दांडे ओढ," पाणकोंबडी म्हणाली. "माझे जरा जास्त जोरानं."